साक्षीदाराची मान

सत्यशीलाताई गायकवाड मला पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. चष्म्याचा नंबर विचारला.

"चष्मा नाहीये मला," मी म्हणालो.

"समोरच्या टाकीवर काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीसमोरच्या पाण्याच्या टाकीवर कुठल्याशा क्लासची जाहिरात होती. मी ती फोन नंबरासकट वाचली.

"पक्ष्यांतलं काही कळतं?"

"कावळा, चिमणी. कबुतर."

"घार आणि गरुडातला फरक?"

"माहीत नाही."

"उत्तम," त्या म्हणाल्या. "रविवारी पहाटे पावणेसहाला खाली ये. भडक शर्ट घालू नकोस."

मी मराठी घेऊन एम. ए. झालो आहे. गेल्या दोन वर्षांत दिलेल्या एकाही मुलाखतीत मला इतक्या झटपट कुणी निवडलं नव्हतं. मी गेलो.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. एकट्या. वय त्रेसष्ट. वैधमापन खात्यात त्या एकतीस वर्षं निरीक्षक होत्या. दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासायची, खरी निघाली तर शिक्का मारायचा, खोटी निघाली तर जप्त करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी त्या मंडईत शिरल्या की चार भाजीवाले आपापला काटा पुसायला घेतात. एकदा माझ्यादेखत एकाने कोथिंबिरीची जुडी हातात धरून विचारलं, "ताई, ही तोलून देऊ का?" कोथिंबीर कुणी तोलत नाही. तो घाबरला होता.

त्यांचे वडील खडकीला कारखान्यात कामगार होते. छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. पुढे मुलगी झाली तेव्हा भन्तेंनी दोन नावं सुचवली, करुणा आणि सत्यशीला. वडिलांनी दुसरं घेतलं.

"करुणा ठेवलं असतं तर आयुष्य जरा सोपं गेलं असतं," ताई म्हणतात. मग थोडं थांबून, "लोकांचं."

निवृत्तीनंतर त्यांना शिकारी पक्ष्यांचा नाद लागला. मोर नको, पोपट नको, खंड्या नको. घार, शिक्रा, ससाणा, गरुड. मी कारण विचारलं. "ते बाकीच्यांवर नजर ठेवून असतात," त्या म्हणाल्या. 

त्यांचा एक गट आहे. दर रविवारी तो हडपसरच्या पुढे, कालव्याच्या कडेच्या मोकळ्या रानात जमतो. व्हॉट्सॲपवर त्याचं नाव 'शिकारी (अधिकृत)' असं आहे. अनधिकृत गट कुठला, हे मला अजून कळलेलं नाही. गटाची दर वर्षीची एक यादी असते. त्या वर्षात कोणकोणते शिकारी पक्षी दिसले, ते तीत लिहायचं. हे वर्ष एक एप्रिलला सुरू होतं आणि एकतीस मार्चला संपतं. जगभरचे पक्षिनिरीक्षक जानेवारीपासून मोजतात म्हणे. पण या गटात सगळे निवृत्त सरकारी लोक होते तेव्हा तो सुरू झाला, आणि मार्चअखेरीशिवाय वर्ष संपल्यासारखं त्यांना वाटेना.

यादी सांभाळतात शरच्चंद्र वझे. कसबा पेठेत राहतात. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. घडीची खुर्ची घेऊन येतात, ती पहाटे उघडतात आणि घरी जाताना मिटतात. मधल्या वेळात उठत नाहीत. त्यांची दुर्बीण तिपाईवर बसवलेली असते आणि लांबीला माझ्या हाताएवढी आहे. चार वर्षांपूर्वी या वझेंनी कात्रजच्या तळ्यावर समुद्रगरुड पाहिला. चालत्या बसमधून.

"समुद्र कुठे होता, वझेसाहेब?" ताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"आला असेल उडत."

"आणि आपण बसमधून."

"खिडकीची जागा होती, ताई."

त्याच आठवड्यात ताईंनी नियम केला. पक्षी दोघांनी पाहिला तरच यादीत जाईल. दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आपापली चिठ्ठी लिहायची. रंग, आकार, वेळ. चिठ्ठ्या जुळल्या तर नोंद. ताईंनी तो टाइप करून आणला, त्याला प्लास्टिकचं आवरण घातलं आणि त्याची एकेक प्रत सगळ्यांना दिली. समुद्रगरुड यादीतून उडाला.

आणि मग, या वर्षी, ताईंना तुरमती दिसली.

तुरमती हा लहानसा ससाणा असतो. इतकंच मला तेव्हा माहीत होतं, कारण इतकंच मला सांगण्यात आलं होतं. ताईंना ती एकदा नव्हे, तीनदा दिसली. तिन्ही वेळा एकट्यांना. पहिल्यांदा वझे थर्मासमधला चहा ओतत होते. दुसऱ्यांदा नीरजा फोनवर होती. नीरजा दातांची डॉक्टर आहे, तिचे पेशंट रविवारी सकाळीच विव्हळतात. तिसऱ्यांदा सृष्टी खाली बघत होती. सृष्टी हडपसरच्या आयटी पार्कात नोकरी करते. ती त्या क्षणी फोनमध्ये तुरमतीचं चित्र शोधत होती.

"आपल्या शब्दावर शंका नाही, ताई," वझे तिन्ही वेळा म्हणाले. अतिशय नम्रपणे. "पण नियम आपलाच."

ताई तिन्ही वेळा म्हणाल्या, "बरोबर आहे." आणि घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मला त्यांनी हे एकदाच, जिन्यात सांगितलं. "एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं खोटं पकडलं," त्या म्हणाल्या. "माझं एक खरं आहे, तर ते कुणी पकडेना."

तर मी साक्षीदार होतो. म्हणून माझे डोळे हवे होते आणि ज्ञान नको होतं. जाणकाराला जे बघायचं असतं तेच दिसतं, असं ताईंचं मत.

"तुरमती दिसते कशी?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"सांगणार नाही."

"मग मी ओळखणार कशी?"

"ओळखायची नाही. बघायची. आणि फोनवर शोधलीस तर तू बाद."

मी शोधली नाही. तीन रविवार मी काय बघायचं ते माहीत नसताना आकाशात बघत बसलो. मान दुखली. घारी मात्र मला ओळखता येऊ लागल्या.

हा चौथा रविवार होता. मार्चचा शेवटचा. संध्याकाळी वझे यादी बंद करणार होते. ताईंच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो.  सिग्नलला कुणी नसतानाही त्या पूर्ण साठ सेकंद थांबल्या.

रानात पोचलो तेव्हा वझेंची खुर्ची उघडलेली होती. नीरजा आणि सृष्टी शेंगदाण्याचे लाडू खात होत्या. समोर कालवा, पलीकडे बाभळी, आणि त्यांच्यामागे चौदा मजल्यांची एक नवी इमारत.

सात वाजायला आले असतील. वझे दुर्बिणीला डोळा लावून एकदम ताठ झाले.

"कुणी बोलू नका," ते म्हणाले. कुणीच बोलत नव्हतं. "इमारतीच्या गच्चीवर. डावा कोपरा. कठड्यावर."

सगळ्या दुर्बिणी तिकडे वळल्या. मला नीरजाने तिची दिली. मी पाहिलं. एक मोठा पक्षी. तपकिरी. रागावलेला.

"ओह माय गॉड," सृष्टी म्हणाली. "काय बसलाय यार!"

"नियम," ताई म्हणाल्या.

सगळे गप्प झाले. चिठ्ठ्या निघाल्या. मीही खिशातून पेन काढलं, तर ताईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "याचे डोळे राखीव आहेत," त्यांनी इतरांना सांगितलं.

तिघांनी लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या. वझेंचा नेपाळी गरुड होता, वयाने तरुण. नीरजाची मोरघार होती, मादी. सृष्टीचा सर्पगरुड.

"सर्पगरुडाला तुरा असतो," वझे म्हणाले.

"दबलाय तो. वारा आहे ना, काका. ॲप पण तेच म्हणतंय. बासष्ट टक्के."

"बासष्ट टक्क्यांचा गरुड मी आयुष्यात पाहिला नाही."

"चोच बघा हो," नीरजा म्हणाली. "वरची किती पुढे आलीय. माझ्याकडे आली असती तर तार लावली असती."

"ताई, आपलं मत?"

ताईंनी एकदाच दुर्बीण लावली होती. "मी लिहिणार नाही."

"का?"

"थोडा वेळ जाऊ दे."

वेळ गेला. एक तास गेला. ते तिघे त्याच्याकडे बघत होते आणि तो आमच्या सगळ्यांकडे. मधूनमधून कुणीतरी म्हणायचं, हलला. मग दुसरं म्हणायचं, वाऱ्याने पीस हललं. वझेंनी त्याच्या स्वभावावर पाच मिनिटं सांगितलं. असा पक्षी एका जागी तासन्तास बसतो, ऊर्जा वाचवतो, मग एकदाच झेप घेतो. ते सांगताना त्यांनी खुर्चीत बूड जरा सरकवून घेतलं.

"एक तास झाला," ताई म्हणाल्या. "तो शिटला नाही."

"संयम, ताई. शिकारी पक्ष्याला संयम असतो."

"पोटाला नसतो."

 तिघांनी पुन्हा दुर्बिणी लावल्या. ताईंनी गच्चीवरून नजर काढली आणि त्या उजवीकडे, कालव्याच्या कडेने बघू लागल्या. मी बुटाची नाडी बांधत होतो.

तेवढ्यात माझ्या हनुवटीला कुणीतरी धरलं. ताईंचा हात होता. त्यांनी माझं तोंड वर उचललं आणि उजवीकडे वळवलं, न्हावी वळवतो तसं. बोलल्या एक अक्षर नाही.

मी पाहिलं.

बाभळींवरून काहीतरी आलं. लहान होतं. इतक्या वेगात आलं की मला वाटलं कुणी फेकलंय. त्याच्या पुढे दुसरा एक पक्षी जिवाच्या आकांताने उडत होता. दोघं सरळ इमारतीच्या दिशेने गेली, वर चढली आणि गच्चीपलीकडे दिसेनाशी झाली. सगळं मिळून चार सेकंद.  ताईंची बोटं अजून माझ्या हनुवटीवर होती.

मग त्यांनी हात काढला, घड्याळ पाहिलं, आणि माझं पेन मला परत दिलं.  

"काय झालं?" नीरजाने मागे वळून विचारलं.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि चिठ्ठीकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं दहा पावलं लांब, एकमेकांकडे पाठ करून बसलो. मी लिहिलं. भाषेच्या परीक्षेत मी कधी इतका घाबरलो नव्हतो. विशेषणं सुचत होती. मी ती खोडली. राहिलं ते असं:

'कबुतरापेक्षा लहान. डोकं विटकरी. पाठ राखी. पंख टोकदार. सरळ गेला. कबुतरासारख्या बारीक पक्ष्यामागे. आठ दहा.'

वझेंनी दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या. ताईंची मोठ्याने वाचली. 'तुरमती. विटकरी डोकं. राखी-निळी पाठ. शेपटीला काळा पट्टा. होल्याचा पाठलाग. ८.१०.' मग माझी वाचली. मग दोन्ही पुन्हा, मनात.

आणि मग वझे खुर्चीतून उठले. नीरजाने सृष्टीचा दंड धरला.

"ताई," वझे म्हणाले, "अभिनंदन. जुळतंय. मी नोंद करतो."

"बाद," ताई म्हणाल्या.

"काय?"

"याची साक्ष बाद. मान मी फिरवली."

वझेंनी दोन्ही चिठ्ठ्या पुन्हा पाहिल्या.

"अहो ताई, मान फिरवली तर काय झालं? बघितलं त्याने."

"कुठे बघायचं ते मी ठरवलं. पारड्याला बोट लागलं, वझेसाहेब. बोट लागलं की वजन बाद."

"पण रंग त्याने स्वतः लिहिला!"

"मान तिकडे नसती तर लिहिला असता?"

"ताई, मी मान्य करतोय हो!" वझे जवळजवळ ओरडले. "मी! मी करतोय मान्य!"

"तुमच्या मान्य करण्याने वजन बदलत नाही."

"काकू, प्लीज," सृष्टी म्हणाली. "आज लास्ट डे आहे."

"माहीत आहे मला."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. "ताई," मी म्हणालो, "मी नाडी बांधून झाल्यावर वरच बघणार होतो."

"खोटं बोलू नकोस, अभय. चांगली चिठ्ठी लिहिलीस."

त्यांनी स्वतःची चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. माझी मागून घेतली आणि तीही ठेवली. मग त्या बाभळींकडे बघत उभ्या राहिल्या. वझे खुर्चीत बसले, उठले, परत बसले. चार वर्षांपूर्वी ज्या नियमाने त्यांचा समुद्रगरुड खाल्ला, तो मोडायला ते निघाले होते आणि ताई त्यांना तो मोडू देत नव्हत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"निदान गरुडाचं तरी ठरवू," शेवटी नीरजा म्हणाली. "जवळून बघू. तीन चिठ्ठ्या तीन जातींच्या आहेत."

सगळ्यांना चालायला काहीतरी निमित्त हवंच होतं. कालव्यावरचा पूल ओलांडून आम्ही इमारतीच्या फाटकाशी गेलो. वझे खुर्ची काखेत घेऊन आले. ताई सगळ्यांत मागे.

फाटकाशी केबिनमध्ये एक पन्नाशीचे वॉचमन बसले होते. छातीवर नावाची पट्टी होती, रावसाहेब. त्यांनी आमच्या दुर्बिणींकडे पाहिलं, मग वझेंच्या खुर्चीकडे.

"कुनाकडं जायचंय?"

"कुणाकडे नाही," वझे म्हणाले. "आपल्या गच्चीवर एक गरुड बसलेला आहे."

"हाय की."

"आपण पाहिलाय?"

"मीच बसवलाय."

वझेंनी खुर्ची खाली ठेवली.

"चेअरमन सायबांनी ऑनलाइन मागवला. प्लास्टिकचा हाय. कबुतरं लई घाण करत्यात, त्यांना भ्या वाटावं म्हनून. चार नटबोल्ट मारलेत म्या त्याला. वाऱ्यानं हलतुया जरा."

सृष्टीने फोनमधलं ॲप बंद केलं.

"तरीच तुरा नव्हता," सृष्टी हळूच म्हणाली.

नीरजा हसू लागली. ती फाटकाला धरून हसत होती. वझेंनी आपली चिठ्ठी खिशातून काढली, तिचे चार तुकडे केले आणि ते पुन्हा खिशात ठेवले. मी ताईंकडे पाहिलं. एरवी त्यांनी अशा वेळी एक वाक्य टाकलं असतं आणि ते वझेंना महिनाभर पुरलं असतं. आज त्यांचं लक्षच नव्हतं.

"आनि उपेग काय त्याचा?" रावसाहेब सांगतच होते. "काय न्हाय. कबुतरं त्याच्याच डोस्क्यावर बसत्यात. खरी भित्यात ती त्या दुसऱ्याला."

नीरजाचं हसू थांबलं.

ताईंनी मान वर केली.

वझेंनी दोन्ही हात पसरून आम्हा सगळ्यांना मागे सारलं, जणू समोर खड्डा होता. त्यांना नियम पाठ होता. साक्षीदाराला विचारायचं नाही. सुचवायचं नाही. रंग उच्चारायचा नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. सृष्टीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ताईंनी डोळे मिटून घेतले.

रावसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. पाच माणसं, कुणी बोलेना. "बरं वाटत न्हाय का कुनाला?"

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या.

"पानी देऊ?"

पुन्हा माना.

"उन्हाचं असं होतं," ते म्हणाले. "आमच्या चेअरमन सायबांना बी झालं व्हतं. मागल्या मे महिन्यात. गाडी लावायला गेले नि तिथंच बसले. मग मीच उचललं. तवापास्नं मला चांगले वागवत्यात. त्यांचा पोरगा अमेरिकेला असतो—"

पोरगा अमेरिकेत काय करतो ते आम्ही ऐकलं. सुनेला मराठी येत नाही, हेही ऐकलं. वझेंच्या कपाळावर घाम आला होता. लिफ्ट दोनदा बंद पडली होती. पाचव्या मजल्यावर एक कुत्रा होता, त्याला रोज दही लागायचं. सृष्टी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. मला शाळेतली तोंडी परीक्षा आठवली. उत्तर शेजारच्याला माहीत असतं आणि तो सांगू शकत नाही.

"—आनि कुत्र्याचा उरलेला दहीभात गच्चीवर टाकत्यात, तर कबुतरं येनारच की," रावसाहेब म्हणाले. "ते दुसरं पाखरू आलं की मात्र समदी गायब. बारकंच हाय. कबुतराहून बारकं. पर असं येतं की जसं दगड मारला. डोस्कं तांबडं, इटंवानी. आज बी आलं. होला धरला त्यानं."

वझेंनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मी वाकलो.

"किती वाजता?" नीरजाच्या तोंडून निघालं. ताईंनी एकदम डोळे उघडले. पण वेळ विचारायला हरकत नसावी. त्या काही बोलल्या नाहीत.

"दूधवाला बाहेर पडला नि ते आलं. थांबा, बघून सांगतो." रावसाहेबांनी रजिस्टर उघडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद असते ते. "दूधवाला बाहेर, आठ-आठ. त्याच्या मागनं दोन मिन्टांनी."

वझेंनी एक कोरी चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "रावसाहेब, हे जे आत्ता बोललात, तेवढं इथे लिहून द्याल? खाली सही."

रावसाहेबांनी हात मागे घेतला. "सही कशाला? पोलिसात जानार का?"

"नाही हो."

"चेअरमनकडं?"

"नाही, नाही."

"मग मी कागदावर सही करत न्हाय. मागं एकदा पार्किंगच्या कागदावर केली तर चार महिने खेटे घातले. लिवायचं तर रजिस्टरात लिवतो. रजिस्टर माझं हाय."

वझेंनी ताईंकडे पाहिलं. नियमात चिठ्ठी असं लिहिलेलं होतं.

"स्वतःच्या हाताने लिहितायत ना," ताई म्हणाल्या.  "चालेल."

रावसाहेबांनी चष्मा लावला. दूधवाल्याच्या खालची ओळ मोकळी होती. त्यांनी सावकाश, एकेक रकाना भरत लिहिलं. आम्ही पाच डोकी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो.

नाव: 'तांबडं डोकं, बारीक पाखरू.' गाडी नंबर: एक आडवी रेघ. कुणाकडे: 'पाण्याची टाकी.' कारण: 'नाष्टा.' आत येण्याची वेळ: 'आठ दहा.'

वझेंनी ताईंची चिठ्ठी मागितली. ताईंनी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती रजिस्टराशेजारी ठेवली. दोन्हींवर बोट फिरवलं. विटकरी, तांबडं. होला, नाष्टा. आठ दहा, आठ दहा.

"ताई?"

ताईंनी चष्मा पुसून रजिस्टर तीनदा वाचलं.

"यांना कुणी हात लावला?" त्यांनी आम्हाला विचारलं.

"नाही."

"रंग कुणी बोललं?"

"नाही."

"पैसे? चहा?"

"अहो ताई!" वझे कळवळून म्हणाले.

"मग घ्या," ताई म्हणाल्या.

वझेंनी यादी काढली. खुर्ची उघडली, तिच्यात बसले आणि मांडीवर वही ठेवून सुवाच्य अक्षरात लिहिलं. तुरमती. पाहणाऱ्या, सत्यशीला गायकवाड. साक्षीदार, रावसाहेब. वझेंनी पेनाचं टोपण लावलं. मग काढलं, आणि 'तुरमती'खाली पट्टी न घेता एक सरळ रेघ मारली. सृष्टीने फोटो काढला. नीरजाने ताईंना मिठी मारली. ताई त्या मिठीत, बसस्टॉपवर उभं राहावं तशा उभ्या होत्या.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"आता काय?" वझे घाबरून म्हणाले.

ताईंचं बोट रजिस्टरावर होतं. "बाहेर जाण्याची वेळ. हा रकाना रिकामा आहे."

"गेलंच न्हाय तर काय लिवू?" रावसाहेब म्हणाले. "वरच हाय. टाकीमागं बसून खातंय. तासभर तरी लागतो त्याला."

सृष्टी सगळ्यांत आधी पळाली. तिच्यामागे नीरजा. वझे खुर्ची तिथेच टाकून धावले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाही त्याची सवय नसावी. रावसाहेब मागून ओरडत होते, "ओ, नोंद! नोंद करून जावा!" लिफ्टचं दार बंद झालं. आकडे वर चढू लागले.

ताई केबिनपाशीच होत्या. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. नाव, पूर्ण. पत्ता, पिनकोडसकट. कुणाकडे, या रकान्यात त्यांनी पेन थोडा वेळ अधांतरी धरलं, मग वरच्या ओळीतलं पाहून 'पाण्याची टाकी' असं लिहिलं. माझं नाव लिहिलं. वर गेलेल्या तिघांची नावं लिहिली. सह्यांच्या पाच जागांपैकी फक्त स्वतःच्या जागी सही केली.

"ताई, ती जाईल उडून," मी म्हणालो.

"तासभर म्हणालेत ते."

लिफ्ट खाली आली. आम्ही आत गेलो. मी चौदाचं बटण दाबलं. लिफ्टमध्ये मोठा आरसा होता. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात दिली, शर्टाची कॉलर सारखी केली, रुमालाने कपाळ टिपलं, कानामागे केस खोचले. मग दुर्बीण परत मागून घेतली.

"माझी मान नका धरू आता," मी म्हणालो.

"नाही धरत," त्या म्हणाल्या. "मला स्वतःलाच बघायचंय."

आणि दार उघडायच्या आधीच त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.